अडथळा कुठे, कशाने आणि मागे काय साचलंय: यूरोलॉजी कोडिंगच्या प्रकल्प नोंदी, ऐरोली

७ जुलै

आजपासून मूत्रमार्गातल्या अडथळ्याचे चार्ट वेगळ्या रांगेत. चार्ट अमेरिकी हॉस्पिटलांचे आणि भरती झालेल्या पेशंटचे आहेत, म्हणून निदानाला आयसीडी-१०-सीएम आणि प्रोसिजरला आयसीडी-१०-पीसीएस हे अमेरिकी कोडसंच. ओपीडी आणि इमर्जन्सी यात नाही. गरोदर पेशंटही नाहीत. तिथे पंधराव्या अध्यायाचे कोड आधी लागतात आणि सगळा क्रमच बदलतो.

वेगळी रांग काढावी लागली ती एन१३.३० मुळे. हा कारण न सांगितलेल्या हायड्रोनेफ्रोसिसचा (लघवी साचून किडनी फुगण्याचा) कोड. कोड म्हणून त्यात काही वाईट नाही, पण खडा आहे, ताप आहे, स्टेंट (लघवीची वाट उघडी ठेवणारी नळी) घातलाय, अशा चार्टवरही तोच बसलेला दिसतो. कसा बसतो हे उघड आहे. एन्कोडरमध्ये (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हायड्रोनेफ्रोसिस टाइप केलं की तो सगळ्यात वर येतो आणि रात्रीच्या शिफ्टला प्रत्येकाच्या डोक्यावर चार्टांचं टार्गेट असतं. इंडेक्समध्ये त्याच शब्दाखाली संसर्गाची, खड्याची, युरेटरच्या (किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या) अडथळ्याची अशा पोटओळी आहेत. तिथपर्यंत खाली उतरायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं उतरायचं.

प्रत्येक चार्टला तीन प्रश्न, याच क्रमाने: अडथळा कुठे आहे, कशाने आहे, आणि त्याच्या मागे नुसती लघवी तुंबलीय की संसर्ग झालाय. उत्तर डॉक्टरच्या लिखाणातून यायला हवं. चार्ट वाचून आपल्याला कळलं म्हणून ते उत्तर होत नाही.

९ जुलै

एन१३ चा नकाशा. भिंतीवर लावायचा तक्ता नंतर करू, आधी समजून घ्यायची गोष्ट: एन१३.० ते एन१३.५ हे जागा आणि कारण सांगतात, आणि एन१३.६ या सगळ्यांना गिळतो.

किडनीचं पात्र आणि युरेटर जिथे जुळतात तिथला अडथळा, हायड्रोनेफ्रोसिससह: एन१३.०. हा कोड सीएममध्ये १ ऑक्टोबर २०१६ पासून आहे. अडथळा जन्मजात आहे असं डॉक्टर म्हणत असेल तर क्यू६२.११, मग पेशंट ३४ वर्षांचा असला तरी. जन्मजात दोषाचा कोड वयाला बांधलेला नाही; दोष अजून आहे तोवर तो देता येतो. आणि त्याच जागी अडथळा खड्यामुळे असेल तर एन१३.०ही नाही, एन१३.२.

युरेटर अरुंद झालाय आणि किडनी फुगलीय: एन१३.१. किडनीतल्या किंवा युरेटरमधल्या खड्याने अडवलंय आणि किडनी फुगलीय: एन१३.२. फुगलेल्या युरेटरचा एन१३.४, आणि युरेटर अरुंद आहे किंवा वरून रक्तवाहिनी आडवी गेलीय पण किडनी फुगलेली नाही, तर एन१३.५. एन१३.३ चे दोन तुकडे: एन१३.३० अनिर्दिष्ट, एन१३.३९ इतर. इथल्या हॉस्पिटलच्या एमआरडीत (रेकॉर्ड विभागात) काम करून आलेल्यांना डब्ल्यूएचओची आयसीडी-१० पाठ असते. तिथे एन१३.३ पुढे फुटत नाही आणि एन४० ला पोटकोड नाहीत. त्या सवयीने टाकलेला कोड इथे अपुरा म्हणून सिस्टिम परत करते. ते बरंच, निदान दिसतं तरी.

खड्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी गफलत: एन२०.१ आणि एन१३.२ एकाच चार्टवर. एन२० च्या डोक्यावर एक्सक्लूड्स १ आहे, हायड्रोनेफ्रोसिस असेल तर एन१३.२ कडे जा. एक्सक्लूड्स १ म्हणजे दोघं एका ताटात जेवत नाहीत. एक्सक्लूड्स २ म्हणजे हे त्यात मोडत नाही, पण पेशंटला दोन्ही असतील तर दोन्ही द्या. टीममधले निम्मे वाद या एका आकड्यावर होतात, म्हणून वाद घालण्याआधी टॅब्युलर (कोडांची क्रमवार यादी) उघडून १ आहे की २ ते वाचायचं.

एन१३.० ते एन१३.६ मध्ये डावं-उजवं नाही. बाजू तरीही टिपून ठेवायची, प्रोसिजर कोडला ती लागतेच.

१४ जुलै

रेडिओलॉजी रिपोर्ट. सीटीवर रेडिओलॉजिस्टने लिहिलं, डाव्या बाजूला मध्यम हायड्रोनेफ्रोसिस, युरेटरच्या खालच्या टोकाला ५ मिमी खडा. डिस्चार्ज समरीत फक्त 'पोटदुखी, खडा'. भरती पेशंटमध्ये यावर एन१३.२ द्यायचा नाही. तपासणीतला निष्कर्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरने महत्त्वाचा म्हणून लिहिला नसेल तर तो निदान धरत नाहीत. पण सीटी पाहून स्टेंट घातलाय, म्हणजे निष्कर्षावर कृती झालीय. असा चार्ट सोडूनही द्यायचा नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, टाकायची.

रिपोर्ट वापरता येतो तो तपशिलासाठी. डॉक्टरने 'युरेटरचा खडा' लिहिलंय आणि तो नेमका कुठे आहे ते रिपोर्टात आहे, तर जागा रिपोर्टातून घ्या. निदान डॉक्टरचं, बारकावा रेडिओलॉजिस्टचा. हाच नियम कल्चर रिपोर्टला जरा कडक लागतो: लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय एक लाखावर आला म्हणून बी९६.२० जोडता येत नाही. 'ई. कोलायमुळे' हे डॉक्टरने लिहिलेलं हवं.

१८ जुलै

पाऊस. ट्रान्स-हार्बर रखडली, ठाण्याहून येणारी माणसं उशिरा पोचली, दुपारच्या शिफ्टने रांग धरून ठेवली. होल्डवरच्या चार्टला कारण न लिहिता होल्ड लावलेला असल्याने पुढच्या माणसाने तोच चार्ट पहिल्यापासून वाचला.

यापुढे होल्डच्या शेऱ्यात तीन गोष्टी: तीनपैकी कोणता प्रश्न अडलाय, चार्टमध्ये त्याबद्दल काय सापडलं आणि कोणत्या नोटमध्ये, क्वेरी गेली का. उदाहरण: 'कारण अडलंय. ओटी नोटमध्ये युरेटर अरुंद, समरीत कारण नाही. क्वेरी टाकली.' एवढं पुरे. 'प्लीज चेक' असा शेरा दिसला तर चार्ट त्याच माणसाकडे परत.

२२ जुलै

एन१३.६ चा दिवस. याला शीर्षक पायोनेफ्रोसिस (किडनीत पू साचणं) असलं तरी त्याच्या पोटात एन१३.० ते एन१३.५ मधली कोणतीही स्थिती अधिक संसर्ग असं सगळं येतं. त्यामुळे पू हा शब्द चार्टमध्ये नाही म्हणून एन१३.६ नाकारणं चूक. एन१३.६ दिल्यावर एन१३.२ वेगळा द्यायचा नाही, तिथे एक्सक्लूड्स १ आहे. जंतू डॉक्टरने लिहिला असेल तर बी९५ ते बी९७ मधला कोड जोडायचा: क्लेब्सिएला बी९६.१, प्रोटीअस बी९६.४, स्यूडोमोनास बी९६.५. ईएसबीएल प्रतिकार (जंतू काही अँटिबायोटिकांना दाद देत नाही) लिहिलेला असेल तर झेड१६.१२ विसरला जातो.

अवघड प्रश्न: संसर्ग कुठचा? डॉक्टरने 'संसर्गित हायड्रोनेफ्रोसिस' किंवा 'अडथळ्यामुळे पायलोनेफ्रायटिस' असं लिहिलं तर सरळ एन१३.६. पण एका ओळीत 'यूटीआय' आणि चार ओळी खाली 'हायड्रोनेफ्रोसिस' असेल तर? इंडेक्समधला 'विथ' दोन गोष्टींचा संबंध गृहीत धरायला मुभा देतो. आपल्या टीमचा निर्णय असा: संसर्गाची जागा मूत्राशय आहे असं चार्टमध्ये दिसत असेल, किंवा जागा कुठेच लिहिलेली नसेल, तर क्वेरी टाका. सिस्टायटिस मूत्राशयाचा, फुगलेली किडनी खड्याची, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं प्रत्यक्षात होऊ शकतं. ऑडिटमध्ये हा निर्णय जरा सावध वाटेल. वाटू दे.

आता नमुना चार्ट. प्रशिक्षणासाठी रचलेला आहे, खरा पेशंट नाही.

ताप १०२.४ फॅरनहाइट, पांढऱ्या पेशी १८,०००, लॅक्टेट ३.१, क्रिएटिनिन २.४ आणि आधीचं १.०. सीटीवर उजव्या युरेटरच्या वरच्या भागात ७ मिमी खडा आणि मध्यम हायड्रोनेफ्रोसिस. त्याच रात्री सिस्टोस्कोपीतून उजवा स्टेंट. ओटी नोटमधलं वाक्य, गाइडवायर खड्याच्या पलीकडे गेल्यावर गढूळ, पूमिश्रित लघवी आली. रक्त आणि लघवी दोन्ही कल्चरला ई. कोलाय. दोन दिवस आयसीयू. डिस्चार्ज समरीतलं अंतिम निदान: यूरोसेप्सिस, युरेटरचा खडा, किडनीवर ताण.

यातल्या तीनपैकी दोन शब्दांवर काही उभं राहत नाही. यूरोसेप्सिसला आयसीडी-१०-सीएममध्ये कोड नाही, सेप्सिसचा समानार्थी म्हणूनही तो धरत नाहीत. गाइडलाइन स्पष्ट सांगते की डॉक्टरला विचारा. 'किडनीवर ताण' म्हणजे एकेआय (किडनी अचानक बिघडणं) का, हेही विचारावं लागतं. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढणं किंवा ७ दिवसांत आधीच्या दीडपट होणं हे केडीआयजीओ या किडनीविषयक मार्गदर्शक संस्थेचे निकष. आकडे त्यात बसतात, पण निदान लिहायचा अधिकार आकड्यांना नाही.

समजा उत्तर आलं: ई. कोलाय सेप्सिस, उजव्या युरेटरच्या खड्याने झालेल्या संसर्गित हायड्रोनेफ्रोसिसमुळे, भरतीच्या वेळी होता, एकेआय. तर पहिला ए४१.५१, मग एन१३.६, मग एन१७.९. सेप्सिस आणि स्थानिक संसर्ग दोन्ही घेऊनच पेशंट आला असेल तर सेप्सिस वर. भरतीनंतर सेप्सिस झाला असेल तर स्थानिक संसर्ग वर, सेप्सिस खाली आणि पीओए (भरतीच्या वेळी होता का) 'एन', म्हणजे नाही.

आता आर६५.२०, म्हणजे अवयव बिघडवणाऱ्या गंभीर सेप्सिसचा (शॉकशिवाय) कोड, द्यायचा का? ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त खटके इथे उडतील. सेप्सिस आणि एकेआय दोन्ही दिसले की हात आपोआप आर६५.२० कडे जातो. पण या पेशंटची किडनी बिघडायला दोन कारणं शेजारी उभी आहेत, सेप्सिस आणि अडथळा. एकेआय अडथळ्यामुळे असेल तर आर६५.२० लागतच नाही. अवयव बिघडण्याचा सेप्सिसशी संबंध स्पष्ट नसेल तर विचारायचं, असं गाइडलाइनही म्हणते. शिवाय आर६५.२० एमसीसी (बिलाची रक्कम वाढवणारी मोठी गुंतागुंत) आहे, म्हणजे पैसे देणाऱ्या बाजूचा ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवणार. यूरोलॉजीच्या चार्टवर हा कोड डॉक्टरच्या स्पष्ट वाक्याशिवाय नाही.

२५ जुलै

क्वेरीचे साचे तयार. एएचआयएमए आणि एसीडीआयएस या अमेरिकी व्यावसायिक संस्थांच्या क्वेरी मार्गदर्शकाच्या चौकटीत बसवलेत: चार्टमधले पुरावे तारखेसह मांडा, मग प्रश्न, मग पर्याय. पर्याय पुराव्याला धरूनच हवेत, 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन कायम असायला हवेत, आणि पैशाचा किंवा गुणवत्ता गुणांचा उल्लेख कुठेही नको.

नाकारलेला मसुदा इथे ठेवतोय, कारण असे पुन्हा येतील: 'पेशंटला ताप, हायड्रोनेफ्रोसिस आणि पॉझिटिव्ह कल्चर आहे. कृपया पायोनेफ्रोसिस नोंदवावा.' ही क्वेरी नाही, हा निरोप आहे. उत्तर आपणच भरलं आणि डॉक्टरची फक्त सही मागितली.

मंजूर मसुद्याचा गाभा: तारीख, ताप, पेशी, सीटीचा निष्कर्ष, ओटी नोटमधलं पूमिश्रित लघवीचं वाक्य जसंच्या तसं, दिलेलं अँटिबायोटिक. मग 'या निष्कर्षांमागचं निदान आपल्या मते कोणतं?' पर्याय: उजव्या किडनीतला संसर्गित हायड्रोनेफ्रोसिस; हायड्रोनेफ्रोसिस, संसर्ग फक्त मूत्राशयात; हायड्रोनेफ्रोसिस, संसर्ग नाही; इतर; सांगता येत नाही. एका क्वेरीत एकच प्रश्न. सेप्सिस आणि एकेआय यांच्या क्वेऱ्या वेगळ्या पाठवायच्या. तिन्ही एकत्र पाठवल्या की डॉक्टर पहिल्याचं उत्तर देतो आणि उरलेल्या तशाच बंद होतात.

३० जुलै

प्रोस्टेट. वाढलेली प्रोस्टेट आणि लघवीच्या तक्रारी: एन४०.१, आणि सोबत तक्रारीचा कोड द्यायलाच हवा. लघवी तुंबली असेल तर आर३३.८, धार कमकुवत असेल तर आर३९.१२, रात्री उठावं लागत असेल तर आर३५.१, पूर्ण रिकामं होत नसेल तर आर३९.१४. डॉक्टरने अडथळा लिहिला असेल तर एन१३.८. क्रम उलटा टाकला की एडिट (सिस्टिमची चूक-सूचना) लागतो, एन१३.८ आणि आर३३.८ दोन्हींखाली मूळ कारण आधी द्या अशी सूचना आहे, म्हणून एन४०.१ नेहमी वर.

ब्लॅडर स्कॅनवर ४०० मिली उरलेली लघवी दिसली आणि कॅथेटर घातला, पण 'लघवी तुंबली' हे कुठे लिहिलेलं नाही. नर्सच्या नोंदीतल्या आकड्यावर आर३३.८ देता येत नाही.

लघवी अडलेल्या प्रोस्टेटच्या पेशंटचं औषधांचं पान वाचायला विसरू नका. सर्दीच्या औषधाने लघवी अडली असं डॉक्टरने लिहिलं असेल तर आर३३.० आणि त्या औषधाच्या दुष्परिणामाचा टी कोड. इथे आर३३.८ चालत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर सी६१. एन४० शी त्याचं एक्सक्लूड्स २ आहे, म्हणून दोन्ही देता येतात, पण दोन्ही निदानं लिहिलेली हवीत.

५ ऑगस्ट

पीसीएस. स्टेंटचा कोड घोकून पाठ करण्यापेक्षा सात जागा समजून घेतल्या की पुरे. उजव्या युरेटरमध्ये सिस्टोस्कोपीतून स्टेंट: ०टी७६८डीझेड.

पहिला शून्य, मेडिकल आणि सर्जिकल विभाग. हा आकडा आहे, अक्षर नाही; पीसीएसमध्ये ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत, तेव्हा हाताने टाइप करताना शंकेला जागा नाही. टी म्हणजे मूत्रसंस्था. ७ म्हणजे डायलेशन, कारण स्टेंटचा हेतू नळी उघडी ठेवणं हा आहे. ६ उजवा युरेटर. डाव्याला ७, दोन्हींना ८. पुढचा ८ म्हणजे नैसर्गिक वाटेने एंडोस्कोपीतून. डी हे नळीच्या आत राहणारं साधन. शेवटचा झेड म्हणजे क्वालिफायर नाही. दोन्ही बाजूंना स्टेंट घातले तर ०टी७८८डीझेड एकदाच द्यायचा; उजव्याचा आणि डाव्याचा असे दोन कोड टाकायचे नाहीत.

स्टेंट बदलला तर काढण्याचा कोड वेगळा, ०टीपी९८डीझेड, आणि घालण्याचा वेगळा. काढण्याच्या तक्त्यात युरेटरला ९ एवढंच आहे, बाजू नाही. तक्ता वाचला नाही तर इथे ६ टाकून कोड अवैध होतो.

पाठीतून नेफ्रोस्टोमी ट्यूब घातली तर मूळ क्रिया ड्रेनेज, म्हणजे तिसरी जागा ९. सहावी जागा शून्य, कारण ट्यूब आत ठेवली.

खड्याचे दोन कोड टीममध्ये अदलाबदल होतात. बाहेरून लाटा देऊन खडा फोडला आणि तुकडे तसेच सोडले: फ्रॅगमेंटेशन. युरेटेरोस्कोपीतून लेसरने फोडला आणि तुकडे बास्केटने काढले: एक्स्टर्पेशन, उजव्याला ०टीसी६८झेडझेड. फोडण्याचा कोड वेगळा नाही; एक्स्टर्पेशनच्या व्याख्येतच आधी तुकडे केलेले असू शकतात असं म्हटलंय. ओटी नोटच्या शीर्षकात 'लेसर लिथोट्रिप्सी' असतं आणि बास्केट तिसऱ्या परिच्छेदात. शीर्षकावरून कोड केला तर फ्रॅगमेंटेशन बसतं, म्हणून ओटी नोट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

१२ ऑगस्ट

साधनांच्या तक्रारी. स्टेंट असलेल्या पेशंटला संसर्ग: टी८३.५९२ए तेव्हाच, जेव्हा डॉक्टर 'स्टेंटमुळे' म्हणतो. मूत्राशयातल्या कॅथेटरचा टी८३.५११ए, नेफ्रोस्टोमी ट्यूबचा टी८३.५१२ए. स्टेंट सरकला तर टी८३.१२२ए, तुंबला तर टी८३.१९२ए. स्टेंट आत आहे आणि ताप आहे, एवढ्यावर यातला एकही नाही. गुंतागुंतीच्या कोडला कारण-परिणाम लिहिलेला लागतो. आणि तो लिहिलेला असला तर टी कोड वर, सेप्सिस असला तरी.

शेवटच्या अक्षरातला ए म्हणजे सक्रिय उपचार सुरू आहेत. 'पहिल्यांदा आलाय' असा त्याचा अर्थ घेऊन दुसऱ्या भरतीला डी टाकला जातो. दुसऱ्या हॉस्पिटलातून संसर्गासाठीच इथे आलेल्या पेशंटलाही ए.

काही बिघडलेलं नाही, फक्त स्टेंट आहे: झेड९६.०. नेफ्रोस्टोमी आहे: झेड९३.६. ठरल्याप्रमाणे स्टेंट बदलायला आला: झेड४६.६.

२० ऑगस्ट

मूत्राशयाच्या खालचा मार्ग अरुंद होणं. एन३५ चे पोटकोड १ ऑक्टोबर २०१८ पासून स्त्री-पुरुष आणि जागेनुसार वाढले. ऑपरेशननंतर अरुंद झाला असेल तर एन३५ नाही, एन९९.१, बल्बस भाग असेल तर पुरुषाला एन९९.१११. चार्टमध्ये जुनी टीयूआरपी (मूत्रमार्गातून केलेलं प्रोस्टेटचं ऑपरेशन) सापडली म्हणून आपण संबंध जोडायचा नाही, हे पुन्हा लिहायला कंटाळा येतो, पण चूक पुन्हा पुन्हा तीच होते.

कॅन्सरने बाहेरून युरेटर दाबला गेलाय आणि भरती फक्त अडथळा मोकळा करायला आहे, कॅन्सरवर उपचार नाहीत, तर अडथळ्याचा कोड वर आणि कॅन्सरचा खाली. केमोही दिली असेल तर चार्ट ऑन्कोलॉजीच्या रांगेत पाठवा, इथे ठेवू नका.

२ सप्टेंबर

गणपती. कोकणात गेलेल्यांच्या जागी इमर्जन्सीच्या टीममधली माणसं बसवलीत. माणसं पक्की आहेत, पण त्यांच्या हाताला ओपीडीचे नियम लागलेत आणि भरती पेशंटचे नियम नेमके दोन ठिकाणी उलटे आहेत.

एक, 'बहुधा', 'शक्यता आहे', 'संशयित'. ओपीडीत असं निदान कोड करत नाहीत, लक्षण कोड करतात. भरती पेशंटला डिस्चार्जच्या वेळी 'बहुधा संसर्गित हायड्रोनेफ्रोसिस' लिहिलं असेल तर ते झालंय असंच धरून एन१३.६. अट एवढीच की तो शब्द डिस्चार्जपर्यंत टिकलेला हवा. पहिल्या दिवशी 'संशयित' आणि तिसऱ्या दिवशी 'नाही' असेल तर संपलं.

दोन, रेडिओलॉजिस्टचा अंतिम रिपोर्ट. ओपीडीत तपासणीसाठी आलेल्याचं त्यातलं नक्की निदान घेता येतं, कारण वाचणारा डॉक्टर आहे. इथे घेता येत नाही, १४ जुलैची नोंद पाहा.

प्रोसिजरला त्यांच्याकडून ५२३३२ आणि ५२३५६ हे सीपीटी (ओपीडी आणि डॉक्टरच्या बिलाचे प्रोसिजर कोड) आकडे येतायत. ते इथे लागत नाहीत, भरतीच्या हॉस्पिटल बिलाला पीसीएसच. हे तिन्ही मुद्दे त्यांच्या स्क्रीनला चिकटवलेत. त्यांचे चार्ट दोन आठवडे दुसऱ्या नजरेखालून जातील.

१५ सप्टेंबर

क्लायंटच्या ऑडिटरने आर६५.२० न दिलेले चार्ट चूक म्हणून परत पाठवले. रिबटल (आक्षेपाला लेखी उत्तर) चार्टनिहाय द्यायचं, एकच पत्र सगळ्यांना नाही. प्रत्येकात तीन उतारे: एकेआय जिथे लिहिलाय ते वाक्य, अडथळा जिथे लिहिलाय ते वाक्य, आणि स्टेंट घातल्यावर क्रिएटिनिन कसं उतरलं ते तारखेसह. क्रिएटिनिन उतरलं म्हणून कारण अडथळाच होतं असं आपण म्हणायचं नाही. कारण दोन होती आणि डॉक्टरने निवडलं नव्हतं, एवढंच म्हणायचं. क्वेरी जिथे गेली होती आणि उत्तर आलं नाही तिथे क्वेरीची प्रत जोडा.

एका चार्टवर ऑडिटर बरोबर आहे: प्रोग्रेस नोटमध्ये 'सेप्सिसमुळे एकेआय' स्वच्छ लिहिलेलं होतं, समरीत आलं नव्हतं. समरीत नसलं तरी तो उपचार करणाऱ्या डॉक्टरचाच शब्द आहे आणि त्याला छेद देणारं काही नाही. दुरुस्त करून परत.

२९ सप्टेंबर

१ ऑक्टोबरचा बदल. भरती पेशंटला कोणता कोडसंच लागतो ते डिस्चार्जच्या तारखेवर ठरतं. ३० सप्टेंबरला सुटलेल्याला जुना, १ ऑक्टोबरला सुटलेल्याला नवा, मग तो सप्टेंबरच्या मध्यात भरती झालेला का असेना. कोडिंग कधी केलं याचा संबंध नाही.

क्वेरीवर अडकलेले सप्टेंबरचे चार्ट ऑक्टोबरमध्ये उघडतील तेव्हा एन्कोडर डिस्चार्जची तारीख स्वतः उचलतो का, ते प्रत्येक लॉगिनवर तपासा. काही लॉगिनवर तारखेचा रकाना रिकामा राहून आजची तारीख बसते. उद्याच्या शिफ्टने होल्डची यादी डिस्चार्जच्या तारखेने लावून दोन भाग करावेत. एप्रिलच्या मधल्या अपडेटलाही हीच यादी लागेल, साचा सामायिक फोल्डरमध्ये ठेवलाय.